नात्याचा रकाना

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे डॉक्टर साहेब, दवाखान्यातली सगळी मंडळी आणि आज निवृत्त होणाऱ्या मोठ्या सिस्टर, सर्वांना नमस्कार. सिस्टरांना आभाराचं पत्र पाठवतो म्हणालो होतो, त्याला दोन वर्षं झाली. उशिराबद्दल आधी माफी मागतो. शिक्षण चौथीपर्यंतच, म्हणून कागदात बघून वाचतोय.

तेव्हा माझा मुलगा इथे बेशुद्ध अवस्थेत दाखल होता. तो आणि त्याचा जोडीदार, दोघेही पुरुष, अकरा वर्षं एका घरात संसार करताहेत. माझ्याबरोबरच्या जोडीदाराकडे बघत खिडकीवरच्या बाबूंनी विचारलं, "आजोबा, हा पेशंटचा कोण?" मागे रांग होती, ओळखीचे चेहरे होते. मी म्हणालो, "भाडेकरू." त्यांनी फॉर्मवर नात्याच्या रकान्यात तेच लिहिलं. 

मग भाडेकरूला आत कोण सोडणार? तीन दिवस तो बाहेरच्या बाकावर. मुलाला कुठलं औषध चालत नाही हे त्याला तोंडपाठ, आणि डॉक्टर विचारणार मला. मला काय ठाऊक? नको ते इंजेक्शन दिलं गेलं, मुलाचा श्वास अडकला. मोठ्या सिस्टर धावत बाहेर आल्या. "याच्या घरचं कोण आहे?" तेव्हा कुठे मी बाकाकडे बोट केलं.

"हे सांगायला इतके दिवस तोंड शिवलं होतं का, बाबा?" सिस्टर म्हणाल्या. मुलगा सावरल्यावर त्यांनी फॉर्मवरचं 'भाडेकरू' खोडलं, 'जोडीदार' लिहिलं आणि खाली स्वतःची सही केली.

आता सरकारचा नियम आलाय. रुग्ण सांगेल तोच त्याचा जवळचा माणूस. वर्ष होत आलं. खिडकीवर विचारलं तर म्हणतात, जुने फॉर्म आधी संपू द्या. किती उरलेत? कपाटभर. मग नियम काय कपाटात ठेवायला केला? तोवर आमच्यासारख्यांनी एका बाईंच्या पेनावर जगायचं? आणि त्या बाई तर आज चालल्या.

पुढच्या महिन्यात मुलाचं दुसरं ऑपरेशन आहे. यंदा मी खिडकीवर खरं सांगेन. पण मला अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे. मी नसलो तर रकान्यात काय लिहाल?

सिस्टर, तुमचे उपकार विसरणार नाही. म्हातारा चिडून काही जास्त बोलला असेल तर पोटात घाला. पण अध्यक्ष साहेब, नवे फॉर्म कधी येणार ते ऑपरेशनच्या आधी कळवा. मला नको, त्यालाच कळवा. तो बाहेर बाकावर बसलाय. आत चल म्हटलं, तर म्हणाला, "तुम्ही जा बाबा, माझी इथली जागा ठरलेली आहे."