काळ्या गाडीवरचे डाग

गाडी धुण्याच्या रांगेत माझ्यापुढे एक काळी गाडी होती. पाणी मारून झालं, तरी बाप हलायचं नाव घेईना आणि लेकीचा पाय एका जागी ठरेना.

"बाबा, चला. मोठे काका दवाखान्याच्या दारात ताटकळले असतील."

"थांब गं. उन्हात पाणी वाळलं, की काळ्या रंगावर पांढरे डाग पडतात."

"तेच दार किती वेळा पुसाल?"

"पुसत नाहीये, टिपतोय. आधी छत, मग काचा, मग दारं."

"घरी न्यायला धाकट्यालाच पाठवा, असं काका स्वतः म्हणालेत."

"इतकी वर्षं अबोला. आता गाडीत शेजारी बसून बोलायचं काय?"

"तब्येतीचं विचारा."

"म्हणेल, आज बरी आठवण झाली!"

"म्हणू देत. ऐकून घ्या."

"हे टिपणं दादानंच शिकवलं मला. एक थेंब राहिला, तरी टपली मारायचा."

"बाबा, बॉनेट वाळायला लागलं! द्या ते फडकं इकडे."

"राहू दे."

"अहो, डाग पडतील!"

"पडू देत. दादा बघेल, ओरडेल. बोलायला तर लागेल! बस गाडीत."