आमच्या घरी कॅमेरा पुसतात

माझ्याइतका मोठ्या मनाचा माणूस तुम्हाला अख्ख्या गल्लीत सापडायचा नाही! कोपऱ्यावरच्या शिंप्याने मोटार घेतली, तेव्हा तिला पहिला हार कुणी घातला? मी! चाकांतली हवाही मीच सोडली म्हणा, पण ती नंतर, आणि दोनच चाकांची. तर सांगायचं काय, मत्सर आपल्या रक्तातच नाही. पण मला एक सांगा, स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत, घामाने निथळत, तोंडाला कुलूप लावून तासभर बसायचं, आणि कशासाठी? तर कॅमेरा पुसतायत! मी जळत नाही हो, नुसतं सांगतो.

झालं काय, आमची ही नर्सच्या नोकरीतून सुटली आणि लेकीने तिला कॅमेरा घेऊन दिला. चांगला किलोभराचा, आणि भिंग म्हणाल तर पिठाच्या डब्याएवढं! ही लागली फोटो काढणाऱ्यांच्या मंडळात जायला. जाऊ दे, म्हटलं. पण तिथे कुणीतरी सांगितलं की कॅमेरा घरच्या घरी साफ ठेवावा, आणि ही बोलावते कुणाला? समोरच्या घड्याळवाल्याला! का, तर जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, हात हलका आहे. अहो, माझा हात काय जड आहे? आजवर इतक्यांच्या पाठीला चिठ्ठ्या चिकटवल्या, एकाला तरी कळलं?

तर दर रविवारी दहाला हा येणार. घड्याळवाला, आणि येतो सव्वादहाला! आल्या आल्या कोपरापर्यंत हात धुणार, जसं काही कुणाचं पोटच फाडायचंय. मग फर्मानं. "वहिनी, खिडकी लावा. पंखा बंद करा, धूळ उडते." आणि मग माझ्याकडे वळून, अगदी साखरेच्या आवाजात, "भाऊ, तुम्ही जरा बोलू नका हं, थुंकी उडते." ऐकलंत? माझं घर, माझी थुंकी, आणि मनाई ह्याची!

मग भिंग काढणार, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरणार, रबरी फुग्याने फुस्स... फुस्स... मग मऊ ब्रश, मग फडक्यावर औषधाचा एक थेंब, काचेवर नाही बरं का, फडक्यावर! आणि मधून बाहेर गोल गोल, गोल गोल, इतकं हळुवार, की बघणाऱ्याने मान खाली घालावी. आणि आमची ही शेजारी टॉर्च धरून! दोघांची डोकी इतकी जवळ, की मधून पोस्टकार्ड जायचं नाही. "अगंबाई, काय चमकतंय!" ती म्हणते. अहो, माझं टक्कल रोज चमकतं, त्याला कधी म्हणाली? पण मी जळत नाही हो, नुसतं सांगतो.

खरा घाव पुढेच आहे. मंडळाचं प्रदर्शन ठरलं. प्रत्येकाने एकच फोटो द्यायचा, माणसाच्या चेहऱ्याचा. एकच! मी दुसऱ्या दिवशी गुळगुळीत दाढी केली, इस्त्रीचा सदरा चढवला आणि खिडकीशी जाऊन बसलो, असा, हनुवटी वर करून. ही आली, म्हणाली, "अहो, सरका बघू, उजेड अडवताय. तिथे घड्याळवाल्यांना बसवायचंय."

चाळीस वर्षांचा संसार माझ्याशी, आणि चेहरा घड्याळवाल्याचा!

म्हटलं थांब लेका, तुझ्या साफसफाईची अब्रूच काढतो. ही स्वयंपाकघरात गेली तशी काडी बुटाच्या पॉलिशात बुडवली आणि भिंगाच्या पुढच्या काचेवर दिला एक ठिपका. आता फोटोत ह्याच्या नाकावर हा एवढा मस! हिने त्याचे नमुन्याचे फोटो काढले, बघतो तर लख्ख! दुसऱ्या रविवारी तीन ठिपके दिले, तरी लख्ख! आणि तो शहाणा पुसता पुसता हिला समजावतोय, "वहिनी, काहीतरी उडालंय काचेवर, पण काळजी नको. अगदी तोंडाशी असलेलं भिंगाला दिसतच नाही, लांबचंच दिसतं." मी चौथीतून पळालेला माणूस, पण एवढं शास्त्र मला तत्काळ कळलं. मी काय लांब आहे तिच्यापासून? चाळीस वर्षं तोंडाशीच तर आहे!

मग काय, डोकंच फिरलं. खऱ्या फोटोच्या दिवशी टकलावर तेल चोळलं, अंगठा त्यावरून फिरवला आणि भिंगाच्या मधोमध दिला दाबून. काढा म्हटलं आता फोटो!

आणि आला कसा सांगू? धुरकट, अगदी ठरवल्यासारखा धुरकट... पण खिडकीचा उजेड त्याच्या डोक्याभोवती पसरलेला, सुरकुत्या गायब, आणि हा मेला दिसतोय कसा, तर साक्षात संत! मंडळाचे अध्यक्ष चष्मा कपाळावर सारून म्हणतात, "वाऽऽ बाई! काय तो मऊ उजेड! कसं साधलंत?" हातभर मोठा करून लावला की हो दारातच! समोर सोळा बायका उभ्या, मी स्वतः मोजल्या. "कोण गं हे? किती शांत चेहरा!" मी जळत नाही हो... नुसतं सांगतो.

प्रदर्शनाच्या धांदलीत कॅमेरा पुसायचा राहिला होता, तो काल काढला. पंखा बंद, खिडकी बंद, मी बंद. घड्याळवाल्याने भिंग टॉर्चसमोर धरलं आणि ओरडला, "वहिनी, अंगठा!" अख्खा उमटलेला, रेघ न् रेघ. दोघांनी माना वळवल्या. कुणाकडे, ते सांगायला हवं का?

मग माझाही बांध फुटला. म्हटलं, "हो, मीच! उडू दे थुंकी उडायची तर! अगं, एकच चेहरा द्यायचा होता ना? मग हा का? आयुष्य काढलं तुझ्याबरोबर, त्या एवढ्या मोठ्या फोटोत माझं काहीच नको?"

हिने टॉर्च विझवला, फडक्याची घडी घातली आणि म्हणाली, "आहे की अहो. अंगठा आहे तुमचा. शाळा पुरी केली असती, तर सही घेतली असती."