नवस फेडायचा कधी

मी गंगापूरकडची. माहेर खेड्यातलं, सासर बी खेड्यातलंच, पण मालकांना वाळूजला काम लागलं अन् लगीन झाल्या झाल्या आम्ही इथं बजाजनगरला आलो ते इथलेच झालो बगा. मालक आता एका कंपनीच्या गेटावर वॉचमन हायेत अन् मी मेस चालवते. कंपनीतली पोरं जेवायला येतेत, कुणी डबा नेतेत, सकाळपासून पोळ्याच पोळ्या. बोलत बसलं की तव्यावरची पोळी जळती, म्हणून तुम्ही आसं इकडं बसा, मी लाटत लाटत सांगते.

पोरगं एकच, सोमनाथ. आयटीआय केलं अन् ठेकेदाराकडं लागला. ठेकेदाराचं काम म्हंजे तो डबल पाळी कर म्हणला की करायची, नाय म्हणलं की उद्यापासून येऊ नको. तिथंच कुणीतरी ती पावडर दिली, एमडी म्हणतेत तिला. झोप येत नाय, भूक लागत नाय, काम कसं भराभरा व्हतं म्हणे. मह्या मेसमधी साऱ्या जगाची पोरं पोटभर जेवायची अन् मपलं पोरगं ताट सरकवून उठायचं. पार काडी झाली त्याची. मंग भिंतीला कान लावून बसायला लागला, लोक मह्यावरच बोलू राहिले म्हणायचा. काय सांगू तुम्हाला, कुणी काय बोलत नव्हतं हो, बाजूच्या घरात टीव्ही चालू असायचा.

दवाखान्यात नेलं तर मी म्हणलं, डॉक्टरसाहेब, भरती करून घ्या, सलाईन लावा, काय लावायचं ते लावा. डॉक्टर म्हणले, मावशी, ह्याला भरती करायची गरज नाय, दर बुधवारी यायचं, लघवी तपासायची, समुपदेशनवाल्या मॅडमपाशी बसायचं अन् बोलायचं. बोलायचं म्हणे. बोलून बरं व्हत असतं तर मी काय कमी बोलते का त्याला?

पण मॅडम चांगली निघाली. तलफ कोणत्या जागी येती, कोणत्या दोस्तापाशी येती, थकल्यावर येती का भांडण झाल्यावर, ते सगळं त्याच्याच तोंडून काढलं अन् म्हणली, त्या जागी जायचं नाय, त्या दोस्ताला भेटायचं नाय, डबल पाळी बंद, अन् तलफ आली तर एकटं बसायचं नाय, घरच्याला सांगायचं, हात कामात घालायचे, ती येती तशी उतरती बी. तेव्हापासून तलफ आली की तो इथं येतो अन् म्हणतो, माय, कणीक दे. आसा मळतो की परात सरकत भिंतीपत्तोर जाती. मेसची पोरं हसतेत. हसू द्या, मी म्हणते, पोळ्या मऊ व्हतेत ना.

इथपत्तोर ठीक व्हतं. पण आमच्या अक्का. मालकांची थोरली बहीण, गावातच दिलेली. तिनं पीराला नवस बोलला, पोरगं बरं व्हऊ दे, कंदुरी करीन. आमच्याकडं मराठ्यांच्या घरात बी पीराची कंदुरी असती, बोकड कापायचं, सारी भावकी जेवू घालायची, अन् ज्याच्यासाठी नवस त्यानं पंगतीला सगळ्यांना आपल्या हातानं वाढायचं. नवसाला मी कामून नाय म्हणू? पण तो फेडायचा कधी, तर बरं झाल्यावर. झालं, दर फोनला अक्काचं एकच, झाला का बरा? मी डॉक्टरला इचारते, झाला का बरा? डॉक्टर म्हणतेत, मावशी, हे शुगरसारखं हाये, संपलं म्हणायचं नाय, सांभाळायचं. तिकडं अक्का म्हणती, नवस आसा लोंबकळत ठेवला तर पीर कोपतो. डॉक्टर बरा झाला म्हणंना अन् अक्का थांबंना, मी दोघांच्या मधी.

अशात पोरानं अंग धरलं. गाल भरले. अक्का आली, दंड दाबून पाहिला अन् म्हणली, झाला बरा. डॉक्टरला जे कळंना ते हिला दंडावरून कळलं. गुरुवारी कंदुरी ठरवून मोकळी. म्हंजे बुधवारी गावाकडं जायचं, बुधवारी तर दवाखाना. मी म्हणलं, बुधवार चुकवू नका. मालक म्हणले, एका बुधवारानं काय व्हतंय?

अन् भावकी म्हणलं की बाळू आला, मह्या चुलत दिराचा पोरगा. सोमनाथ ज्याच्यासंगं बसून ती पावडर खायचा तोच. मॅडमनं पहिलं नाव त्याचंच काढून घेतलं व्हतं, ह्याच्यापासून लांब. मी अक्काला चुलीपाशी गाठलं, म्हणलं, बाळूला जेवायला सांगू नका, हात जोडते. तर म्हणती, भावकीतलं एक बी पान वगळलं तर नवस पोचत नाय. आता बोला. मपल्या पोरानं मपल्या डोळ्यांदेखत बाळूच्या ताटात वाढलं, एकदा नाय, तीनदा. पंगती उठल्या अन् दोघं बी दिसंनात.

सोमनाथ आला तेव्हा डोळे सांगत व्हते. लई बोलत व्हता, उगाच हसत व्हता. तिकडं अक्का पाहुण्यांना पानसुपारी देत सांगू राहिली, पोरगं बरं झालं, पीर पावला. मला वाटलं हातातलं पातेलं घालावं कुणाच्या तरी डोक्यात, पण कुणाच्या घालू?

त्याच रात्री घरी आलो. सकाळी पाहते तर ह्यानं चप्पल घातलेली. कुठं? दवाखान्यात. मी म्हणलं, आज शुक्रवार हाये रे, तुपला बुधवार असतो. तर म्हणला, माय, बुधवारपत्तोर मी टिकायचो नाय. मी मेसला कुलूप लावलं, पोरं उपाशी गेली कामावर, जाऊ द्या म्हणलं, अन् त्याच्यासंगं निघाले.

मॅडमनं सगळं ऐकलं अन् काय म्हणली ठावं हाये? चांगलं केलं आलास. मी तिच्यावर ओरडलेच. पोरगं पुन्यांदा तिथंच गेलं अन् तुम्ही चांगलं म्हणता? ती म्हणली, मावशी, मागं नादी लागला तेव्हा तुम्हाला कळायला लई दिवस लागले, ह्या बारीला दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पायानं आला. मला रागही आला अन् रडूही आलं. पोरगं मान खाली घालून बसलेलं, मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

अक्काला कळलं तर तिनं काय म्हणावं? नवस पोचला नाय, कंदुरी पुन्यांदा करावी लागन. म्हंजे पुन्यांदा भावकी, पुन्यांदा बाळू. मंग मात्र मी म्हणलं, अक्का, बास. आता हा नवस मपला. पोरगं एक हप्ता नीट राहिलं की एका हप्त्याचं मी पीराला देईन, दर बुधवारी, मलिदा. पोळी, गूळ, तूप, मह्या घरात पोळ्यांना काय तोटा हाये का? अक्का म्हणली, आसा कुठं नवस असतो का, तुकड्या-तुकड्यानं? मी म्हणलं, मंग आसा कुठं आजार असतो का? तेव्हापासून बोलत नाय मह्याशी. मालकांना फोन करून इचारती, झाला का बरा? आता मालकच म्हणतेत, ह्या बुधवारपत्तोर झाला.

काल बुधवार झाला. दवाखान्यातून आला, त्यानंच पोळ्या चुरल्या, गूळ-तूप घालून कालवलं अन् वाटंवरच्या पीराला देऊन आला. ह्या बुधवारचं फिटलं. हे घ्या, थोडा उरलाय, हात पुढं करा. खा अन् पोरासाठी दुवा मागा. लई मोठी नका मागू, पुढच्या बुधवारपुरती मागा.