मावशींचा चहा

त्र्याहत्तर साल असावं. पिंपरीतल्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक कामगार बसला होता. दुसरा आत आला आणि त्याला पाहून थबकला.

“ये सुखदेव, बस. भोसरीच्या कंपनीत गेलास ते तोंडच दाखवलं नाहीस, राव.”

“तुला काय झालंय, प्रभाकर?”

“चहा बाधतो. घोटभर घेतला तरी छाती धडधडते, हात कापतात. दोन वर्षं बंद आहे.”

“म्हणजे आमच्या घरी आलास तेव्हा...”

“तेव्हा नुकताच सोडला होता.”

“आईनं तुझ्यासाठी नव्या कपबशा आणल्या होत्या. तू हातसुद्धा लावला नाहीस. ‘त्यांना आपल्या हातचं चालत नसेल,’ म्हणाली.”

“अरे, तसं नव्हतं रे!”

“मग बोलायचंस की.”

“हात कापतात हे कंपनीत कळलं असतं, तर मशिनवरून काढलं असतं मला.”

“मी सांगितलं असतं?”

“नाही. चुकलंच माझं.”

“त्यानंतर कुणीही आलं, तरी आई चहाचं विचारायची नाही.”

“आज येतो. मावशींच्या हातचा कपभर पितो. धडधडू दे काय धडधडायचं ते.”

“कुणाच्या हातचा, प्रभाकर? आई दिवाळीत गेली.”