घर रिकामं नाही

— मोबाईल खाली ठेवा आधी. ठेवा म्हणते ना! रस्त्यावर गाडी थांबवून चोरासारखे फोटो काढताय, आणि वर मलाच विचारताय, इथं कोणी राहतं का? मग मी कोण, भूत? या इकडे, मागच्या दारानं या. पुढचं दार? अहो, या खोऱ्यात पुढचं दार उघडतंय कोण! लग्न असेल तर, नाहीतर मढं बाहेर काढायचं असेल तर. थंडी आली की त्याला प्लास्टिक ठोकायचं, पडदे ओढायचे, आणि बर्फ वितळेपर्यंत सगळा संसार मागच्या स्वैपाकघरात. अमेरिकेच्या या टोकाला, अख्ख्या उत्तर मेन राज्यात हीच पद्धत आहे. पण तुमच्या त्या कर्जाच्या कंपनीला कोण सांगणार? गेल्या खेपेला तुमच्यासारखाच एक शहाणा आला, खाली उतरायचेसुद्धा कष्ट घेतले नाहीत, गाडीतूनच फोटो काढला आणि ‘घर रिकामं’ असं लिहून मोकळा झाला. आता म्हणे कुलपं बदलायला माणूस पाठवणार. माझ्या घराची कुलपं! आणि त्याचं बिल माझ्याच कर्जात चढवणार — तुमच्या आजच्या फेरीचंसुद्धा, ठाऊक आहे मला.

बसा. उभ्यानं काय ऐकताय? कुट्टूच्या पिठाची धिरडी आहेत, प्लॉय म्हणतो आम्ही, गरम आहेत, लोणी लावून घ्या. घ्या हो, विष नाही घातलेलं — घालावंसं वाटलं होतं, ती गोष्ट वेगळी. दारी आलेल्याला उपाशी पाठवायचं नाही, ही आमच्या आईची शिस्त, मग येणारा कोण का असेना. हां, तर हे सगळं सुरू कशावरून झालं — घराच्या टॅक्सवरून. घराच्या हप्त्यातच आमचा टॅक्स आणि विमा धरलेला असतो, एस्क्रो म्हणता ना तुम्ही त्याला, तेच. पैसे आमचे, सांभाळायचे बँकेनं, आणि वेळ आली की गावाच्या कचेरीत भरायचे. आमची जुनी बँक होती तोवर कधी चिंता केली नाही. मग बँकेनं आमचं कर्ज विकलं — बटाट्याचं पोतं विकावं तसं, आम्हाला न विचारता — तुमच्या त्या कुठल्या लांबच्या कंपनीला. कंपनीनं हप्ते बरोबर घेतले. टॅक्स मात्र भरलाच नाही! विसरले म्हणे. आणि गावानं नोटीस कुणाच्या दारावर चिकटवली? माझ्या! कचेरीतली जेरल्डीन, माझ्याबरोबर चर्चमध्ये गाते ती, माझी नजर चुकवायला लागली. मग कंपनीनं भरला, दंडासकट, आणि तो दंड वसूल करायला माझाच हप्ता वाढवला. म्हणजे खाल्लं कोणी आणि हात कोणी धुवायचे?

मी काय गप्प बसणारी आहे? राज्याच्या ऑफिसात फोन लावला, कर्जदारांच्या तक्रारी घेतात तिथं. तिथल्या बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं हो. म्हणाल्या, कायदा तुमच्या बाजूनं आहे, मादाम सीर — पैसे जमा असताना टॅक्स वेळेवर भरला नाही, तर दंड कंपनीच्या खिशातून. त्यांना जाब द्यावाच लागेल. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, फक्त हप्ता थांबवू नका, काही झालं तरी थांबवू नका, नाहीतर आम्हालाही काही करता येणार नाही. मी म्हटलं, छे छे, थांबवते कशाला —

कॉफी हवी? नको? असे काय बघताय? हो, थांबवला होता! त्याच्या आधीच. डोकं फिरलं होतं माझं. माझेच पैसे घ्यायचे, माझीच बदनामी करायची, आणि वर मीच दर महिन्याला चेक पाठवायचा? म्हटलं, एक छदाम देणार नाही. बाईंशी खोटं बोलले, मग लाजेनं पुन्हा फोनच केला नाही. आता कंपनी म्हणते, टॅक्सचं राहू द्या बाजूला, तुम्ही हप्ते बुडवलेत. आणि ते खरंच आहे. आगलाव्यांनी लावली आग, पण तेल मी ओतलं. रोझेअरला यातलं काही माहीत नाही, दारावरची नोटीससुद्धा त्याच्या नजरेस पडायच्या आत मी काढून टाकली. माझा नवरा. वडिलांबरोबर स्वतः बांधलंय त्यानं हे घर, आणि आजवर कुणाचा सेंट बुडवलेला नाही. पैशाचं सगळं माझ्यावर सोडून बसलाय, विश्वासानं — म्हणूनच मला जास्त संताप येतो, तुमचा नाही, माझाच!

हळू बोला, तो आलाच बघा, लाकडं घेऊन. — काही नाही रे रोझेअर, हे घरांचे फोटो काढत फिरतायत. जुन्या घरांचे. हो, आपल्याही घराचा. — बघा, लगेच टोपी काढून केस बसवायला लागला. चला, उठा. अंगणात, लाकडाच्या ढिगापाशी उभा करते त्याला, धुराडं पण येऊ द्या फोटोत. कसा हसतोय बघा, विचारतोय, कॅलेंडरवर छापणार का! काढा फोटो. आणि खाली लिहा, घर रिकामं नाही. बाईंना मी उद्या सकाळी फोन करीन, खरं तेच सांगेन. — काढला ना? मग आता गाडीत बसा आणि चालते व्हा, त्यानं आणखी काही विचारायच्या आत.