चोर सुटला, मशीन आतच

...आणि वर चौकीत मलाच विचारतात, ‘मास्तर, मशीन तुमचंच कशावरून?’ अहो साहेब, तुम्ही ज्या पँटीत बसलायत ना, ती त्याच मशीनवर शिवलीय! पण बोललो का? छे. तुम्हाला सांगतो, शिंपी माणूस मी, माप घेतल्याशिवाय मत देत नाही. आमची ही म्हणते, पोलीस म्हणजे सगळे एकाच माळेचे मणी. मी म्हणतो, अगं, एका चौकीत दोन कंबरा सारख्या नसतात, माणसं कशी असतील?

तर झालं काय, दुकानाचं कुलूप तोडून कुणीतरी माझं शिलाई मशीन उचललं. वडिलांच्या हातचं, घर त्याच्यावर चालतं, दुसरं नाही! धावत चौकीत गेलो. टेबलामागे अंमलदार, करंगळी कानात... बाहेर काढली, उजेडात धरून निरखली, टेबलाच्या कडेला पुसली आणि त्याच हातानं मला बिस्कीट पुढं केलं! ‘बसा’ म्हणाला. बसलो. तर हा घोरायलाच लागला! पण नाही, एकावरून सगळ्यांना नावं ठेवू नयेत. माप घेतल्याशिवाय मत देत नाही मी.

मग भेटले फौजदार. मी मशीनचं नाव काढतोय आणि हे पोट पुढं काढतायत. ‘मास्तर, ही कंबर जरा सैल करायची होती...’ कशानं करू? दातांनी?

तिसरा एक काटकुळा हवालदार. किती आत घेतला तरी गणवेश त्याला ढगळच. त्या बाबानं भंगाराची दुकानं पालथी घातली, चोर पकडला, मशीन खांद्यावरून वाहून आणलं, आणि माझा चहासुद्धा घेतला नाही. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. घरी येऊन हिला म्हटलं, बघ, म्हणून सांगतो, माप घेतल्याशिवाय... ही म्हणाली, ‘मशीन कुठाय?’

मशीन चौकीत! का? तर मुद्देमाल! पुरावा! कोर्टाचा हुकूम येईपर्यंत हलवायचं नाही. आणि कोर्टात काय, तारखेवर तारीख. बरं, ठेवलंय कुठं? मुतारीच्या भिंतीला टेकवून! खाली ओल, वर माश्या, येणारा-जाणारा चाकावर हात पुसून जातो... शी! काटकुळा बिचारा मान खाली घालून उभा. फौजदार मात्र खुशीत. ‘मास्तर, मशीन बाहेर जाऊ शकत नाही, पण तुम्ही आत येऊ शकता की.’

तर सध्या मी तिथंच बसतो. नाकाला फडकं बांधून. सकाळी जायचं, साहेबांच्या कंबरा सैल करायच्या, अंमलदाराची बटणं लावायची. गिऱ्हाईक? कुठली शहाणी बाई कापड घेऊन चौकीत येईल? आता या सगळ्यांचं काय मत द्यायचं, तुम्हीच सांगा. एक देवमाणूस, बाकीच्यांचा नुसता वास येतो.

आणि चोर? त्याला जामीन मिळाला. मशीनला नाही. परवा हजेरी लावायला आला, स्वच्छ आंघोळ करून, भांग पाडून. मुतारीपाशी मला बघून थबकला. खरं सांगतो, एवढ्या दिवसांत माझ्याबद्दल वाईट वाटलेला हा दुसरा माणूस. जवळ येऊन हळूच म्हणाला, ‘मास्तर, तुम्ही अजून आतच?’

गळ्यातली टेप काढली, म्हटलं, ‘ये, उभा राहा नीट. तुझंही माप घेतो.’