शेवटच्या सहा वह्या

नाही, अशा नको उचलूस — खालून हात घाल, पुठ्ठे सुटलेत त्यांचे. शाळेतल्या प्रयोगवह्या आहेत त्या, एक पान रेघांचं, एक कोरं. वर्षअखेरीला उरलेल्या सर घरी घेऊन यायचे. रेघांच्या पानावर तारीख, वेळ, वारा, कुठला पक्षी, किती, कोऱ्यावर चित्र. अडतीस आहेत. तुमच्या पक्ष्यांच्या संस्थेला सगळ्या हव्यात म्हणालीस ना? म्हणजे शेवटच्याही? ... बरं. बस जरा. त्या खुर्चीत नको, तिचा पाय हलतो. इकडे बस.

सरांबद्दल काय सांगू? सगळा गाव म्हणायचा म्हणून मीही नवऱ्याला सरच म्हणायचे. एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. पहाटे उठायचं, सायकल काढायची, पाणीपुरवठ्याच्या पंपामागच्या तळ्यावर जायचं, आणि तिथून तसंच शाळेत — पँटला कुसळं, बुटांना चिखल. मुख्याध्यापक बोलायचे, मी बोलायचे. पालथ्या घड्यावर पाणी. मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात आले तेही गळ्यात दुर्बीण अडकवून, आणि नर्सला म्हणाले, खिडकीबाहेर घरटं आहे, ती झडप उघडू नका. मुलगी नंतर बघितली. म्हणजे बघितली, हातात घेतली, रडलेसुद्धा — पण नंतर. तळ्यावर जोडीला पोस्टमास्तर असायचे. शेजारच्या गल्लीत राहतात. तीस वर्षं दोघांच्या दोन सायकली आमच्या कुंपणाला टेकलेल्या. सख्खे भाऊ एवढं बोलत नाहीत.

मी? मी कशाला जातेय. माझी नोकरी टेलिफोनात — दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांचे नंबर जोडायचे. घरी आल्यावर मला कुणाचाच आवाज नको असायचा, पाखरांचा तर नाहीच. नंतर गेले. शेवटची सहा वर्षं. नुसती सोबत म्हणून.

निवृत्त झाल्यावर तिसऱ्या वर्षी त्यांना कुकरची शिट्टी ऐकू येईना. मला वाटलं, लक्ष नसेल — नवऱ्यांचं कधी असतं? मग कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, जाड आवाज येतील, बारीक गेले ते गेले. आता बारीक आवाज म्हणजे निम्मे पक्षीच की. कानातलं यंत्र आणलं, दोन दिवस लावलं, तळ्यावर म्हणे वारा त्यात भांडी घासल्यासारखा वाजतो. ठेवून दिलं डबीत. आठवडाभर घरात बसून होते, पेपर उलटा धरला तरी कळलं नसतं. मग एका संध्याकाळी म्हणाले, "तू चल माझ्याबरोबर. कान तुझे, नावं माझी." पस्तीस वर्षांच्या संसारात माणसानं पहिल्यांदा काहीतरी मागितलं. नाही कशी म्हणणार?

पहिलं वर्ष बरं गेलं, खोटं कशाला बोलू. मी म्हणायचे, दोन खडे एकमेकांवर आपटल्यासारखा आवाज येतोय. ते म्हणायचे, गप्पीदास, आणि लिहायचे. टेलिफोनात कान तयार झालेले, त्यामुळे कौतुक व्हायचं माझं — पोस्टमास्तरांना सांगायचे, हिला शंभर पावलांवरचं ऐकू येतं. पण मग गुडघे धरले. थंडी, दव, ती दगडी पायरी, आणि हा माणूस यादी पुरी झाल्याशिवाय उठायचा नाही. रोजचा एखादा पक्षी राहिला की बसून राहायचे. दर पाच मिनिटांनी, "आला का आवाज?" मी एकदा म्हटलं, आला. आला नव्हता. पण रोजचाच पक्षी, असणारच ना कुठेतरी झाडीत — त्यात काय मोठंसं? अर्धा तास लवकर घरी आलो. पुढच्या आठवड्यात परत म्हटलं. मग... हो, मग पुष्कळदा. तू लिहितेयस का हे? लिही. थकलेल्या बाईनं केलं, असंही लिही.

किरकिऱ्याचं मात्र तसं नव्हतं. म्हणजे — त्याचं खरं नाव वेगळं आहे, वहीत असेल, आमच्या घरात तो किरकिऱ्या. लव्हाळ्यात राहणारा एवढासा पक्षी, रातकिड्यासारखं किर्र करतो, दिसत कधीच नाही. अकरा वर्षं तळ्यावरून नाहीसा झालेला. सरांना तेवढी एकच आस होती. त्या दिवशी धुकं होतं, माझी बहीण नऊच्या बसनं यायची होती, आणि हे उठेनात. टोपी सारखी करत तिसऱ्यांदा विचारलं, "किर्र असं काही?" आणि मी म्हटलं, हो. डावीकडे. किर्र.

उड्या वगैरे नाही मारल्या गं. टोपी काढून मांडीवर ठेवली. पेन्सिल हातातून दोनदा पडली.

मग काय, यांनी चार लोकांत सांगितलं, छापून आलं, लांबलांबून माणसं कॅमेरे घेऊन आली. कुणालाच काही ऐकू आलं नाही. पोस्टमास्तर चार पहाटे एकटे जाऊन बसले. पाचव्या दिवशी इथे आले — तू बसलीयस तिथेच — आणि सरांना नाही, मला विचारलं, "वहिनी, खरंच ऐकलंत?" अगदी हळू विचारलं. दार उघडून दिलं होतं गं त्यांनी मला, खोट्यातून बाहेर पडा म्हणून. सर माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, हो.

पोस्टमास्तरांनी कप खाली ठेवला, म्हणाले, मला नाही पटत, आणि गेले. सर म्हणाले, माझ्या बायकोला खोटं ठरवणाऱ्याचं तोंड बघायचं नाही. नाही बघितलं. चार वर्षं. सायकल गल्लीतून गेली की आतल्या खोलीत जायचे. शेवटी इस्पितळात पोस्टमास्तर दारापर्यंत आले होते, हातात संत्र्यांची पिशवी. यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. माझ्यासाठी. माझ्या शब्दासाठी. मी त्या रात्री सांगणारच होते, पलंगाशी बसले, हात धरला, म्हटलं, अहो, किरकिऱ्याचं एक सांगायचंय. तर म्हणाले, "त्या एका सकाळसाठी मी तुझा ऋणी आहे." आता यावर काय बोलायचं? सांग ना, तू शिकलेली आहेस. पांघरूण नीट केलं. तीन दिवसांनी सर गेले.

कुणाला सांगितलं नाही. मुलीलाही नाही. तुलाही सांगायचं नव्हतं, तू वह्या न्यायला आलीस, मी नेऊ देणार होते. काय बघतेयस? तेच, किरकिऱ्याचं पान? मी उघडल्या नाहीत कधी. वाच. मोठ्यानं वाच, चष्मा आत आहे.

... "हिने ऐकला."

आणि आधीच्या वर्षी? गप्पीदासाला? पुढच्या वह्यांत? प्रत्येक ठिकाणी? ... "मी पाहिला" वेगळं आणि "हिने ऐकला" वेगळं? सहाही वह्यांत?

वर्गात पोरांना सांगायचे ते. स्वतः बघितलं नसेल तर कुणी बघितलं त्याचं नाव लिहा. म्हणजे विश्वास होता म्हणून लिहिलं, की... नाही, तू नको सांगूस. तुला काय माहीत. मला चाळीस वर्षांत कळलं नाही.

त्या बत्तीस ने. या सहा राहू देत इथे. संस्थेला काय सांगायचं ते सांग, वाळवी लागली म्हण — नको, तसं नको म्हणूस, जे आहे ते सांग. पोस्टमास्तरांचं घर? पुढच्या वळणावर, हिरवं फाटक. पण तू नको जाऊस. ते माझं मी बघेन, आज नाही, उद्या, गुडघे बरे असले तर. ऊठ आता. चहा राहिला, राहू दे. दार ओढून घे जाताना.